बावन्न किलोंची भट्टी

साठ किलोंत दोन बावन्नं बसतात का? नाही बसत. एवढ्या साध्या गणितावरून कृत्तिका सावळेकरने सलग दोन दिवस आपल्या बाबांशी अबोला धरला होता, आणि खरं सांगायचं तर तिचं काडीइतकंही चुकत नव्हतं.

पहिलं बावन्न म्हणजे ढब्बू. ढब्बू हा सावळेकरांचा कुत्रा. तो स्वतः अठ्ठावीस किलोंचा, त्याचा प्रवासाचा पिंजरा नऊ किलोंचा आणि हिवाळाभराचं त्याचं खाणं पंधरा किलोंचं. दुसरं बावन्न म्हणजे एक नवी कोरी भट्टी. पोळ्या भाजायची नव्हे, गॅस जाळून सगळं घर गरम ठेवायची.

आता हे साठ किलो कुठले, तेही सांगायला हवं. ही गोष्ट आहे अजून वीस-पंचवीस वर्षांनंतरची. लडाखच्या पठारावर, साडेचार हजार मीटर उंचीवर, एका मोठ्या दुर्बिणीशेजारी वेधवस्ती नावाची चाळीस घरांची वस्ती होती. तिथे रस्ता नव्हता. सगळं काही लेहहून हवाई नौकेने (हलका वायू भरलेल्या, फुग्यासारख्या तरंगणाऱ्या विमानाने) यायचं. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, आणि विरळ हवा नौकेला कमी उचलून धरते. म्हणून तिथे किलोकिलोचा हिशोब. गॅसचे सिलिंडर वस्तीच्या खात्यावर यायचे, पण घरच्या सामानाला वर्षातून एकदाच जागा मिळायची, हिवाळ्याआधीच्या शेवटच्या फेरीत. दर कुटुंबाला साठ किलो, एक किलो जास्त नाही.

सावळेकर मंडळी मिरजेहून इथे आली त्याला दीड वर्ष झालं होतं. पहिल्या वर्षीचे साठ किलो रजया आणि भांड्यांत संपले. ढब्बू लेहला बाबांचे मित्र स्टॅन्झिनकाका यांच्याकडे राहिला. "पुढच्या फेरीला नक्की," असं बाबांनी कबूल केलं होतं. ढब्बू आता बारा वर्षांचा झाला होता. कुत्र्याचं बारावं वर्ष म्हणजे काय, हे कृत्तिकेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि आता बाबा म्हणत होते, यंदा भट्टी आणू, ढब्बूचं पुढच्या वर्षी बघू.

बाबांची बाजूही ऐकून घेऊ, नाही तर त्यांना वाईट वाटेल. वस्तीत दर घराला हिवाळ्याचे छत्तीस सिलिंडर मिळायचे. गेल्या हिवाळ्यात सावळेकरांना चाळीस लागले. वरचे चार शेजाऱ्यांकडून मागून आणावे लागले, आणि बाबांना ते फार लागलं होतं. यंदा कुणापुढे हात पसरायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवा की. पण त्याची किंमत ढब्बूने का मोजायची? कृत्तिकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती ती यासाठी.

तिसऱ्या दिवशी ती तावातावाने वस्तीच्या दुकानात गेली. तिथे ऊबदूत नावाचा यंत्रमानव भट्ट्या विकायचा. गोल पोटाचा, गोड बोलणारा. तो म्हणाला, तुमच्या जुन्या भट्टीची कार्यक्षमता (शंभर भाग उष्णतेतले किती भाग खरोखर घराला मिळतात तो आकडा) ऐंशी टक्के आहे, नवीची पंचाण्णव. वाचलेल्या गॅसच्या बदल्यात सामानाचे किलो मिळून नवी भट्टी पाच महिन्यांत आपलं वजन वसूल करते.

"पाच महिन्यांत? कुणाच्या घरी?" कृत्तिकेने विचारलं.

"अतिथिगृहात. तिथे वर्षाला दोनशे सिलिंडर लागतात."

"आमच्या घरी किती लागतात, हे बाबांना विचारलंस?"

"तो प्रश्न माझ्या यादीत नाही," ऊबदूत म्हणाला आणि आपला दिवस उबदार जावो, अशी वर शुभेच्छाही दिली.

असला राग आला म्हणता तिला! दोनशे सिलिंडरच्या घराचा आकडा चाळीस सिलिंडरवाल्याच्या गळ्यात मारायचा, आणि शुभेच्छा कसल्या देतोस? ती तशीच पाय आपटत कुमुदआत्याकडे गेली. कुमुदआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आयुष्यभर उष्णतेवर संशोधन केलेली, आणि आता यांच्याच घरी मागच्या खोलीत राहणारी. कृत्तिकेने आल्या आल्या जाहीर केलं की पंचाण्णव टक्के हे धादांत खोटं आहे.

आत्याने तिला स्वेटर चढवायला लावून घरामागे नेलं. भिंतीतून भट्टीचं धुराडं बाहेर आलं होतं आणि त्यातून पांढरे लोट निघत होते. आत्या म्हणाली, पंचाण्णव टक्के खरे आहेत, आणि ते का खरे आहेत ते आधी पाहा. गॅस जळला की त्यातून उष्णता निघते, आणि कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफही तयार होते. जुनी भट्टी ही वाफ गरम असतानाच बाहेर सोडून देते. कुकरच्या वाफेने हात भाजतो तेव्हा उकळत्या पाण्यापेक्षा जास्त का भाजतो? कारण वाफेत सुप्त उष्णता असते (पाण्याची वाफ होताना तिच्यात साठलेली, आणि वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता). नव्या भट्टीत एक जास्तीची नळ्यांची जाळी असते. घरातली गार हवा त्या नळ्यांवरून जाते, आतल्या वाफेचं पाणी होतं, आणि वाफेत दडलेली उष्णता बाहेर न जाता घरात येते. म्हणून नव्या भट्टीच्या धुराड्यातून लोट निघत नाहीत, खाली नुसतं पाणी ठिबकतं.

कृत्तिकेचं तोंड पडलं. भट्टी चांगलीच होती म्हणायची. शत्रू लबाड निघाला असता तर बरं झालं असतं.

"भट्टी चांगली आहे का, हा एक प्रश्न," आत्या म्हणाली. "ती आपल्याला आत्ता परवडते का, हा दुसरा. तुझा तो ऊबदूत पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्याचे पैसे घेतो. तू दुसरा सोडव."

मग दोघी पाटी घेऊन बसल्या. घराला ऐंशी भाग उष्णता हवी असेल तर जुन्या भट्टीत शंभर भाग गॅस जाळावा लागतो, नवीत साधारण चौऱ्याऐंशी. म्हणजे शंभरामागे सोळा वाचले. चाळीस सिलिंडरमागे वाचतील सहाच्या थोडे वर. वस्तीचा नियम असा होता की वाचवलेल्या प्रत्येक सिलिंडरमागे त्या घराला पुढे चार किलो जास्तीचं सामान आणता येई. सिलिंडर आला नाही की नौकेत तेवढी जागा रिकामी होते, म्हणून. सहा चोक चोवीस. भट्टीचं वजन बावन्न. वर्षाला चोवीस किलो परत मिळणार, तर बावन्न वसूल व्हायला दोन वर्षांहून जास्त. याला परतफेडीचा काळ (वस्तूवर केलेला खर्च तिच्यामुळे झालेल्या बचतीतून भरून यायला लागणारा वेळ) म्हणतात, असं आत्याने सांगितलं. अतिथिगृहाला पाच महिने आणि आपल्याला दोन वर्षं, भट्टी मात्र तीच.

दोन वर्षं. ढब्बू तोवर चौदाचा होणार. कृत्तिकेने पाटी उचलली आणि बाबांना दाखवायला निघाली, तर आत्याने तिला थांबवलं. पाटीवरचं गणित बरोबर असलं तरी चार सिलिंडर कमी पडतात ते पडतातच, ते कुठून आणणार? भट्टी किती देते ते तू पाहिलंस, आता घर किती गमावतं तेही पाहा.

त्या दिवसापासून कृत्तिका भट्टीशेजारच्या गॅसच्या मीटरपुढे वही घेऊन ठाण मांडून बसली. सकाळी काटा सावकाश चाले, दुपारी त्याहून सावकाश. आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास तो एकदम असा काही पळायला लागला की तिला वाटलं मीटरच बिघडला. ती मीटरवर टिचकी मारणार तेवढ्यात तिचे दात वाजायला लागले. तिने मान वळवली. घराचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्याशी दिवा लावलेला होता आणि बाबा हात जोडून उभे होते.

तिन्हीसांजेला दार लावू नये, लक्ष्मी येते, हे सावळेकरांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मिरजेत ते चाललं. इथे बाहेर शून्याखाली आठ अंश, आणि हे रोज अर्धा तास दार उघडं टाकून बसणार! बरं, बाबांचं काम काय, तर दुर्बिणीच्या घुमटातलं तापमान सांभाळायचं. तिथलं दार कुणी अर्धं मिनिट जास्त उघडं ठेवलं तर ते त्याची खरडपट्टी काढायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आणि कुमुदआत्या? एवढी मोठी शास्त्रज्ञ, तीही दीड वर्ष रोज त्याच थंडीत शाल गुंडाळून शुभंकरोती म्हणत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, रोजचं ते दिसतच नाही बघ." कृत्तिकेला कुणावर आधी रागवावं तेच कळेना.

पण नुसत्या रागाने बाबा बधले नसते. नौकेची यादी द्यायला पंधरा दिवस उरले होते. कृत्तिकेने आईला सामील करून घेतलं, आणि आईने बाबांना गळ घातली की चौदा दिवस पोरीला प्रयोग करू द्या. एक दिवस दार नेहमीसारखं अर्धा तास उघडं, दुसऱ्या दिवशी बंद, असं आलटून पालटून. सलग सात उघडे आणि मग सात बंद असं केलं असतं तर मधेच थंडी वाढून सगळंच फसलं असतं. आलटून पालटून केलं की थंडी दोन्हीकडे सारखीच वाटली जाते. रोज किती किलो गॅस जळला ते ती वहीत लिहायची.

दहाव्या दिवशी, म्हणजे दार बंद असण्याच्या दिवशी, वादळी वारं सुटलं आणि गॅस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जळला. तेवढा एक दिवस गाळून टाकावा, असं कृत्तिकेच्या मनात दहादा आलं. आत्या नुसती वहीकडे बघत राहिली. कृत्तिकेने दात-ओठ खाऊन तो आकडा लिहिला.

चौदाव्या रात्री जेवणं झाल्यावर तिने वही बाबांपुढे ठेवली. दार उघडं असताना दिवसाला सरासरी दोन किलो चारशे ग्रॅम. बंद असताना, वादळाचा दिवस धरूनही, दोन किलो शंभर. चोवीस भागांतले तीन भाग वाचले, म्हणजे आठवा हिस्सा. चाळिसाचा आठवा हिस्सा पाच. चाळिसातून पाच गेले, राहिले पस्तीस. मिळणार छत्तीस.

बाबांनी दोनदा बेरीज तपासली. मग म्हणाले, आपण काय कुणाला फसवतोय का, घरची रीत आहे ती, लक्ष्मीच्या तोंडावर दार कसं लावायचं? आत्या म्हणाली, म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. कृत्तिका तिच्यावरच उखडली, की यात कुत्र्याला मधे आणू नकोस, त्याला तर अजून घरात यायलाही मिळालेलं नाही. आणि मग ती बाबांकडे वळली.

"बाबा, लक्ष्मी आत यावी म्हणून तुम्ही दार उघडता. मग गेल्या हिवाळ्यात पाच सिलिंडर त्याच दारातून बाहेर गेले, ती कोण होती?"

बाबांचे कान लाल झाले होते. मग ते उठले, यादीचा कागद काढला, आणि भट्टी खोडून त्यांनी तिथे 'ढब्बू, पिंजऱ्यासह' असं लिहिलं. "घुमटाच्या दारावरून मी लोकांना ओरडतो," ते पुटपुटले. "आणि घरचं दार मला दिसलं नाही." दिवा लावताना दार उघडायचं आणि लगेच लावून घ्यायचं, घरात आलेल्या लक्ष्मीला कुडकुडत बसवू नये, हे आईने ठरवलं आणि ते सगळ्यांना पटलं.

आत्याने आणखी एक हिशोब करायला लावला, कारण अर्धं गणित सोडून उठणं तिला खपत नसे. आपली जुनी भट्टी अजून दहा वर्षं चालेल. ती मोडेल तेव्हा कुठली तरी भट्टी आणावीच लागणार. साधी चाळीस किलोंची, पंचाण्णववाली बावन्नची. तेव्हा जास्तीचे फक्त बारा किलो, आणि दार लावून पस्तिसावर आलेल्या घरात ते सहा-सात महिन्यांत वसूल. म्हणजे जी भट्टी आज घेणं चूक, तीच त्या दिवशी न घेणं चूक. कृत्तिकेने ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं. आत्याने वस्तीच्या सभेत भांडून ऊबदूताच्या यादीत तीन प्रश्नही घालायला लावले: तुमच्या घरी किती सिलिंडर लागतात, जुनी भट्टी किती वर्षांची आहे, आणि ऊब कुठून निसटते ते पाहिलंत का. त्या आठवड्यात त्याची एक भट्टी कमी विकली गेली, आणि दोन घरांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या.

शेवटची फेरी मंगळवारी आली. पिंजरा उघडला. ढब्बू म्हातारा झाला होता, तोंडाभोवती पांढरा झाला होता, पण धावला मात्र पिल्लासारखा. कृत्तिका हात पसरून गुडघ्यांवर बसली होती. तो तिच्या बाजूने सुसाट गेला आणि थेट तिच्या मागेच उभ्या असलेल्या बाबांच्या अंगावर चढून त्यांचं तोंड चाटत सुटला. पंधरा दिवस मीटरपुढे बसून कुडकुडली कोण, वादळाचा आकडा खरा लिहिला कुणी, आणि हा लाड कुणाचे करतोय बघा. कृत्तिका रागाने लाल झाली. ढब्बूची शेपटी मागे तिच्याच गालावर सटासट बसत होती, आणि ती काही केल्या बाजूला सरकली नाही.