खेळ दुसऱ्या हेडसेटवर सुरू आहे

हे घडलेलं आहे. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत. मी शाळेत इतिहास शिकवते, पुराव्याशिवाय बोलायची मला सवय नाही. आणि इथे नेमका पुरावाच नाही... म्हणून इतके दिवस कोणाला सांगितलं नाही.

यात रात्र नाही. काळोख नाही. शुक्रवारची दुपार आहे, चारची वेळ. पोर्ट सईदमधलं आमचं घर, तिसरा मजला, खिडकीतून कालव्याचं पाणी दिसतं.

आजही शुक्रवारी चार वाजले की माझा हात आपोआप फोनकडे जातो.

का, ते आधी सांगते.

त्या शुक्रवारी सकाळी बाबांचा फोन आला. मी इस्माइलियात होते, माझ्या भाड्याच्या खोलीत. शाळा तिथेच आहे.

"नेरमीन, बोय आणलाय. ताजा. तुझी आई भात टाकतेय. आत्ता निघालीस तर जेवायला पोचशील."

"बाबा, पेपर तपासायचेत. साठ पोरांचे."

"साठही पास कर आणि ये."

"असं करता येतं का?"

"का नाही? मी एकतीस वर्षं फेरीबोट चालवली. जो चढला त्याला पलीकडे नेला. कोणाला विचारत बसलो नाही, की बाबा रे, तुझा अभ्यास झालाय का."

मागून आईचा आवाज आला. "तिला सांगा, मासा उरणार नाही!"

"ऐकलंस? धमकी आहे."

"पुढच्या शुक्रवारी येते. नक्की."

"बरं. मग चारला मी पाण्यात असेन. तुला यायचं असेल तर..."

"माहितीये. दोन रिंगा."

"शाबास, पोरी."

बस, एवढंच. हे आमचं शेवटचं बोलणं.

आता ते 'पाण्यात' म्हणजे काय, ते सांगते.

बाबांना सगळं बंदर रय्यिस फिक्री म्हणायचं. रय्यिस म्हणजे बोटीचा कप्तान. पोर्ट सईदहून पोर्ट फुआदला जाणारी फेरीबोट ते चालवायचे. दिवसातून कितीतरी वेळा तोच कालवा, तेच दोन काठ. निवृत्त झाले आणि वर्षभरात डावा गुडघा गेला. तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरणं बंद झालं. खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बोटींना शिव्या द्यायचे.

माझा भाऊ तामेर कुवेतला असतो. त्याने तीन हेडसेट घेतले. डोळ्यांवर चढवले की चहूकडे दुसरंच जग दिसतं, तसले. एक बाबांना, एक मला, एक त्याचा. आणि एक खेळ विकत घेतला, वल्ह्याच्या बोटीचा. एक तळं, लाकडी धक्का, छोटी बोट. बाकी काही नाही. मला पाच मिनिटांत कंटाळा आला. बाबा मात्र पहिल्या दिवशी दोन तास बाहेर आले नाहीत.

खेळ एकदाच घ्यायचा आणि घरातल्या सगळ्यांनी वापरायचा, अशी सोय होती. त्यासाठी प्रत्येकाने आपापल्या नावाने यायचं. तामेरने फोनवर तासभर समजावलं. बाबांना ते पटलं नाही.

"एका बोटीला दोन रय्यिस नसतात," ते म्हणाले.

त्यांनी तिन्ही हेडसेटवर स्वतःचंच नाव घालून घेतलं. त्यामुळे झालं असं, की आम्हा तिघांची बोट एकच. एकाने जिथे सोडली, तिथेच दुसऱ्याला मिळायची. आणि एका वेळी एकच जण आत.

दुसऱ्याने उघडायला गेलं, की डोळ्यांसमोर पाटी यायची.

'खेळ दुसऱ्या हेडसेटवर सुरू आहे.'

खाली त्या हेडसेटचं नाव. बाबांनी गावांची नावं दिली होती. पोर्ट सईद, इस्माइलिया, कुवेत. आणि दोन बटणं.

'थांबा.'

'इथे सुरू करा.'

दुसरं दाबलं, की आत असलेला माणूस त्याच क्षणी बाहेर फेकला जायचा. पाणी नाही, धक्का नाही. काळंकुट्ट.

तामेरने एकदा दाबलं होतं. बाबा वल्ही उभ्यानेच मारायचे, बसून बोट चालवणं त्यांना कमीपणाचं वाटे. एकदम सगळं काळं झालं, तोल गेला. नशीब, पलंगावर पडले. मग कुवेतला फोन.

"भर पाण्यात रय्यिसला उचलून फेकतोस का रे, गाढवा!"

तेव्हापासून नियम झाला. आत यायचं असेल तर आधी फोनच्या दोन रिंगा द्यायच्या आणि कापायचा. मग बाबा बोट धक्क्याला आणायचे. तोंड पाण्याकडे करून उभी करायचे. दोराचे तीन वेढे घालायचे. खुर्चीत बसायचे. खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाने दोनदा टक करायचे. फेरीबोटीवरची सवय... पाळी संपून बोट दुसऱ्याच्या हाती देताना केबिनच्या फळीवर तसंच वाजवायचे. आणि मगच हेडसेट काढायचे.

मी कधी तीन वेढे घालत नसे. एक घातला की झालं.

त्या शुक्रवारी चार वाजून गेले होते. चाळीस पेपर झाले होते, डोकं दुखत होतं. वाटलं, पंधरा मिनिटं पाण्यात जाऊन येऊ.

हेडसेट चढवला. पाटी आली.

'खेळ दुसऱ्या हेडसेटवर सुरू आहे. पोर्ट सईद.'

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

दहा पावलं.

मी गेले नाही. मी बटण दाबलं.

बोट भर तळ्यात होती. कोणी नव्हतं... आणि उजवं वल्हं अजून हलत होतं.

मनात आलं, आता बाबा ओरडतील. हसूही आलं. मी वीस मिनिटं वल्ही मारली. मग कंटाळले आणि बोट होती तिथेच सोडून बाहेर आले.

फोनवर आईचे अकरा मिस्ड कॉल होते.

पलंगाच्या लोखंडी कोपऱ्यावर बाबांचं डोकं आपटलं होतं. हेडसेट डोळ्यांवरच होता, एक काच तडकलेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा गेले. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, पडल्यामुळे डोक्यात रक्त साकळलं, की आधी साकळलं म्हणून पडले, आता सांगता येणार नाही.

मी तामेरला सांगितलं नाही. कोणालाच नाही.

पण आई सांगत होती. समाचाराला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगत होती.

"मी चहाला हाक मारली हो. ते डोळ्यांवर ते लावून उभे होते, आणि मी हाक मारली. वळायला गेले आणि..."

"असं नको म्हणूस, बुसैना. वेळ आली होती त्यांची."

"नाही हो. माझ्या हाकेने पडले."

मी शेजारी बसून बिनसाखरेच्या कॉफीचे पेले भरत होते. एकही थेंब सांडला नाही.

चाळिसावा दिवस झाला. मी इस्माइलियाला परतले.

झोप लागेना. डोळे मिटले की ती बोट दिसायची. भर पाण्यात सोडलेली, मोकळी. एके दिवशी ठरवलं, जाऊ, बोट धक्क्याला आणू, बाबांच्या पद्धतीने बांधू. तीन वेढे. तेवढं तरी.

शुक्रवार होता. चार वाजायला आले होते.

हेडसेट चढवला. खेळ उघडला.

आणि...

'खेळ दुसऱ्या हेडसेटवर सुरू आहे.'

खालचं नाव मी वाचलंच नाही. काढून ठेवला आणि तामेरला फोन लावला.

"तू बोटीत आहेस?"

"कसली बोट? मी कामावर आहे."

"मग तुझा हेडसेट कोणी घेतलाय?"

"कोणी नाही. तो खोक्यात आहे, नेरमीन. बाबा गेल्यापासून हात लावायचं धैर्य झालं नाही. काय झालं?"

"काही नाही."

पुन्हा चढवला. पाटी तशीच होती. यावेळी नाव वाचलं.

पोर्ट सईद.

मी बसून राहिले. किती वेळ, आठवत नाही. मग पाटी आपोआप गेली आणि तळं समोर आलं.

भर पाण्यात बोट नव्हती.

ती धक्क्याला होती. तोंड पाण्याकडे. मी वाकून दोर पाहिला.

एक. दोन. तीन.

त्याच वेळी माझ्या खोलीत, अगदी जवळ...

टक. टक.

मी हेडसेट ओढून काढला. खोलीत मी एकटीच होते. माझ्याकडे हाताची खुर्ची नाही. एक स्टूल आहे, प्लास्टिकचं.

मी आईला फोन केला. उगीच इकडचं तिकडचं विचारलं. मग म्हटलं, "बाबांच्या खोलीत काही हलवलंस का?"

"मी त्या खोलीत जात नाही."

"कधीच?"

"शुक्रवारी तर नाहीच."

"का?"

"खुर्ची वाजते गं..." मग लगेच, "वारा असेल. खिडकी नीट लागत नाही. जेवलीस का?"

पुढच्या शुक्रवारी मी पोर्ट सईदला गेले. येते म्हणून बाबांना शब्द दिला होता, तो शुक्रवार कधीच उलटून गेला होता.

आईने दार उघडलं. वाळली होती. गालाचं हाड वर आलं होतं.

"बाबांचा हेडसेट कुठे आहे?"

"कशाला हवाय?"

"बघायचाय."

तिने ब्लँकेटांच्या कपाटातून गाठोडं काढलं. बाबांच्या लोकरी शालीत गुंडाळलेला, वरून सुतळी. गाठ तिचीच होती, कोणी सोडलेली नव्हती. चार्जर तर मी चाळिसाव्यानंतर परतताना माझ्याबरोबर नेला होता. मी बटण दाबून पाहिलं. कितीदा तरी. दिवा लागला नाही. काच तडकलेली होती आणि पट्ट्यावर तपकिरी डाग होता.

तो आम्ही बाबांच्या खोलीत मेजावर ठेवला. मी पलंगावर बसले, आई माझ्या शेजारी. समोर त्यांची चाकांची फिरती खुर्ची, खिडकीकडे तोंड करून. बाहेर फेरीबोटीचा भोंगा वाजला.

चार.

मी माझा हेडसेट डोळ्यांवर चढवला.

"काय दिसतंय?" आईने विचारलं.



'खेळ दुसऱ्या हेडसेटवर सुरू आहे. पोर्ट सईद.'

'थांबा.'

'इथे सुरू करा.'

"नेरमीन, काय दिसतंय?"

"बाबा आत आहेत, आई."

ती ओरडली नाही. माझा हात धरला फक्त. तिची बोटं गार होती.

आणि मग... करर्र.

"ऐकलंस?" ती कुजबुजली. "हीच ती. दर शुक्रवारी."

"खुर्चीत कोण आहे?"

"कोणी नाही. रिकामी आहे."

मी वाट पाहिली.

"पण फिरलीये गं. आपल्याकडे."

मी हेडसेट काढला नाही. काढायची हिंमत नव्हती. डोळ्यांसमोर ती दोन बटणं होती. माझं बोट हवेत होतं, दुसऱ्या बटणाच्या अगदी जवळ. दाबलं असतं तर पाटी गेली असती, सगळं संपलं असतं. मी तळ्यात गेले असते.

आणि ते पुन्हा फेकले गेले असते.

मी हात खाली घेतला. फोन मांडीवरच होता. चाचपून बाबांचा नंबर लावला. तो बंद करायला आम्हा कोणाचंच मन झालं नव्हतं. पलीकडच्या खोलीत, खणात, त्यांचा फोन वाजला. एक रिंग. दोन. मी कापला.

पाटी गेली नाही.

आई रडत होती. हुंदका दाबत होती, तरी मला ऐकू येत होतं.

"त्यांना सांग," ती म्हणाली. "मी हाक मारायला नको होती म्हणावं. चुकलं माझं. चहा काय, नंतरही झाला असता..."

करर्र...

खुर्ची जवळ आली होती. आता माझ्या गुडघ्याला काहीतरी टेकलं होतं. मी पाहिलं नाही. आजही मला माहीत नाही ते काय होतं.

मग, माझ्या अगदी समोर, लाकडावर...

टक.

मी दुसऱ्या टकची वाट पाहिली. ती आली नाही. जणू कोणी हात वर धरून थांबलं होतं.

तीन महिने मी जे गिळलं होतं ते बाहेर आलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"आई, तुझ्या हाकेने नाही. बाबा, ती मी होते. रिंग न देता बटण मी दाबलं. फोन दहा पावलांवर होता... आणि तुम्ही उभे असाल, हे मला माहीत होतं."