गाळाचा ड्रम

जालन्याच्या एमआयडीसीत, बायोडिझेलच्या कारखान्यात राबून सोमेश्वरला सहा वर्षं झाली होती. आता त्याला जांभई द्यायचाही कंटाळा येई. शहागडच्या ढाब्यांवरचं जळकं तेल इथं यायचं, त्याचं डिझेल व्हायचं आणि तळाशी काळं कच्चं ग्लिसरीन उरायचं. ते पंपाच्या दाबानं मेंब्रेनमधून गाळायचं, हे त्याचं काम. बारीक छिद्रांच्या त्या नळ्यांतून नितळ ग्लिसरीन पार जाई. साबण, चरबी, मळ मागं राही. तो गाळ ड्रममध्ये भरून बॉयलरला जाळायला देत.

त्याची बायको दैवशाला कापूस वेचायला जाई. बोंडं टोचून तिचे हात फाटलेले, कधी रक्तही येई. ते हात बघितले की सोमेश्वरला स्वतःचीच लाज वाटे. म्हणून त्यानं नितळ ग्लिसरीनची एक बाटली घरी नेली. कारखान्यातले सगळेच नेत.

तीन दिवसांत भेगा बुजल्या. "जादूच हाय की वो!" दैवशाला हसली. पाचव्या दिवशी अंगठ्याखालचा विळ्याचा जुना व्रण गेला. आठव्या दिवशी तिनं तळवे पुढं केले. त्यांवर एकही रेष नव्हती.

"लई हलकं वाटून राह्यलं," ती म्हणाली. या वेळी हसली मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं गाळाच्या ड्रमचं झाकण काढलं. गाळावर साय धरली होती आणि सायीवर दोन तळवे उमटले होते. रेषा, भेगा, विळ्याचा व्रण, सगळं जिथल्या तिथं. त्यानं भीत भीत बोट लावलं. साय कोमट होती. ती जराशी आकसली.

हा ड्रम जळता कामा नये, एवढंच त्याला कळलं. त्यानं तो ओढत बाजूला काढून ठेवला. तेवढ्यात पंपाचा दाब उतरल्याची हाक आली म्हणून तो पळाला. बाजूला काढलेला ड्रम आधी जाळायचा, ही इथली रीत. थकल्या डोक्याला ती आठवली नाही.

परत आला तर जागा रिकामी.

"कडूबा, माझा ड्रम?"

"जाळला की. तूच बाजूला काढल्ता ना?" बॉयलरवाला कडूबा म्हणाला. "लई चरचरला गड्या."

सोमेश्वर धावत घरी आला. दैवशाला चुलीपुढं भाकरी थापत होती.

"हात दाखव," तो म्हणाला.

तिनं तापलेला तवा उघड्या हातांनी उचलून खाली ठेवला.

"दमलात ना?" म्हणत तिनं लगेच त्याचा गाल कुरवाळला.

हात थंडगार होता.