राऊटरवाल्यावर माझा संशय

अमृत मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या कडुलिंबावर, तोंडात केबल धरून.

"कोन रे तू? उतर खाली!" मी ओरडले.

"उतरतो की. पन मग तुमचं नेट कोन जोडनार?" तो केबल हातात घेत हसून म्हणाला.

एवढं गोड हसणारा माणूस मला तिथंच खटकला.

कोल्हारजवळच्या आमच्या वस्तीवर नेट घेतलं ते माझ्यासाठी. पुण्याच्या एका कंपनीनं मला घरून कामाला घेतलं होतं... आधी चाचणी, जमलं तर नोकरी. नाही जमलं तर माझे वडील, आण्णा, स्थळं बघायला मोकळे! अमृतनं राऊटर बसवला, माझ्या कॉम्प्युटरला नेटवरचा कायमचा एक नंबर, म्हणजे त्याचा पत्ता, दिला, आईच्या हातचा चहा घेतला आणि गेला.

थोडेच दिवस बरे गेले. मग रोज संध्याकाळी, ऐन मीटिंगमध्ये, नेट तुटायला लागलं. आणि रोज त्याच सुमारास खिडकीबाहेरून अमृतची बाईक हळूच जायची. आमच्या वस्तीच्या पुढं रस्ताच नाही. थेट नदी!

मग काय, माझी खात्रीच पटली. हाच काहीतरी करून नेट पाडतो, म्हणजे मी फोन करावा आणि यानं यावं. बोलावलं की यायचाही लगेच. राऊटरवर वाकला की त्याचे केस कपाळावर यायचे, आणि माझं लक्ष जायचंच. त्याचा तर मला जास्तच राग यायचा.

एके दिवशी कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, "सुकन्या, आता पुन्हा असं झालं तर अवघड आहे." दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या आधीच नेट गेलं, तशी मी तडक बाहेर जाऊन त्याच्या बाईकला आडवी झाले.

"तुमीच पाडता ना माझं नेट?"

"मी?" त्याचा चेहरा उतरला. "चला, राऊटरचं पान उघडा. पासवर्ड तुमीच बदला. मी तिकडं तोंड करतो."

घरात आला आणि खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला! मी पासवर्ड बदलला आणि जोडलेल्यांची यादी बघितली. माझ्याच नंबरावर आणखी कोणीतरी होतं... कॅमेरा!

"आण्णा, कांदाचाळीतला नवा कॅमेरा कधी चालू करता?" मी नुकत्याच घरी आलेल्या आण्णांना विचारलं.

"संध्याकाळी, घरी येताना," आण्णा म्हणाले. "दिवसा मी असतोच की कांद्यापाशी. फुकट कशाला चालू ठेवायचा?"

म्हणजे रोज संध्याकाळी राऊटर माझाच नंबर कॅमेऱ्याला देत होता आणि दोघांचं भांडण लागत होतं. अमृत सांगत गेला, मी टाईप करत गेले. राऊटरनं वाटायचे नंबर आता पन्नासच्या पुढचे. माझा त्याच्या बाहेर. कॅमेराही चालला, मीटिंगही शेवटपर्यंत झाली.

बाहेर आले तर अमृत ओट्यावर बसलेला.

"चूक माझीच हाय," तो म्हणाला. "तुमचा नंबर वाटपातून काढायचा राहिला."

"राहिला कसा?"

"बसवताना... तुमी समोर उभ्या हुत्या."

मी घाईनं चेहरा कडक केला. अजून एक गोष्ट उरलीच होती.

"आन् रोज बाईक घेऊन इकडं कशाला येता?"

"नदी बघायला."

"रोज?"

त्यानं मान खाली घातली. "न्हाई... तुमाला बघायला. पुढं नदी लागती म्हनून परत फिरावं लागतं."

आनंद झाला, खूप झाला. पण असा लगेच विश्वास ठेवणारी मी नव्हे.

"मला न्हाई पटत," मी म्हणाले. "उद्या या. नदीपर्यंत जाऊ नका, इथंच थांबा... खरं बोलता का, मी बघते."