चाळीस दिवसांची शाई

"माझी शाई कुणीतरी ओतून दिली हो!" दारात उभ्या म्हाताऱ्या अक्षरकारांना एवढंच बोलता आलं.

डाळिंबाची साल, हिराकस आणि डिंक. जुन्या पोथीतल्या कृतीबरहुकूम घरीच चाळीस दिवस मुरवलेली ती शाई. उद्या ग्रंथालयात, चारचौघांसमोर, एका प्राचीन ग्रंथाचं हरवलेलं पान त्याच शाईनं पुन्हा लिहायचं होतं.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी चपला घातल्या. त्यांचे दीर, निवृत्त पोस्टमास्तर, छत्री शोधू लागले.

"भावजी, लख्ख ऊन आहे. चला."

अक्षरकारांच्या फडताळात बाटली रिकामी, पण झाकण घट्ट. स्वयंपाकघरातलं सिंक पांढरंशुभ्र, फक्त जाळीच्या कडेला काळी रेघ. केराच्या डब्यात लिंबाच्या पिळलेल्या फोडी. भावजींनी नाक मुरडून डबा झाकला.

घराची एक किल्ली तळमजल्यावरच्या बाइंडरकडे असे. तो भडकलाच. "मी कशाला हात लावू? मागे ती शाई माझ्या सदऱ्यावर उडाली. साबणानं घासून घासून सदरा फाटला, डाग तस्साच!"

अक्षरकारांच्या सुनेचं मधलं बोट काळं होतं. ते तिनं ओढणीत लपवलं.

"शाई?" वहिनींनी विचारलं.

"हो. साबण लावला, सोडा लावला. जातच नाही."

भावजींनी वहिनींना कोपरानं ढोसलं. चोर सापडला!

तिच्या सासूबाईंनी, म्हणजे अक्षरकारांच्या पत्नीनं, दुधाचा चहा आणला.

"यजमानांचा सदरा काय पांढरा ठेवलाय हो!" वहिनी म्हणाल्या.

"इतकी वर्षं शाईत हात, पण एक डाग राहू दिला नाही मी."

अक्षरकारांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी चहा बशीत सांडला. सासूबाईंनी नजर वळवली.

वहिनींनी कप खाली ठेवला.

"शाई सिंकमध्येच ओतली, जाळीची रेघ सांगतेय. मग सिंक पांढरं कसं? या शाईचा डाग साबणाला दाद देत नाही, लिंबाला देतो. बाइंडरला हे ठाऊक असतं, तर सदरा वाचला असता. सुनेला ठाऊक असतं, तर बोट लपवावं लागलं नसतं."

"मग ते बोट?" भावजी गोंधळले.

"टाक टेकतो तिथंच काळं आहे, भावजी. ती लिहीत होती." वहिनी सासूबाईंकडे वळल्या. आवाज खाली आला. "या घरात डाग काढणाऱ्या तुम्ही एकट्याच."

सासूबाईंचा बांध फुटला. "यांचा हात थरथरतो हो. उद्या सगळ्यांसमोर हसं झालं असतं. मला बघवलं नसतं."

अक्षरकारांची मान खाली गेली. "उद्या मी लिहिणारच नव्हतो गं. सूनबाई लिहिणार होती. चार महिने शिकवतोय तिला. हात गेला, हे तुझ्यासमोर कबूल करायला जीभ रेटेना. तिलाही मीच गप्प बसवलं."

सासूबाईंनी डोळे पुसले आणि फोन उचलला.

"ग्रंथपालांना काय सांगणार?" सुनेनं घाबरून विचारलं.

"आणखी चाळीस दिवस थांबा म्हणून. शाई मी ओतली म्हणून." नंबर लावता लावता त्या म्हणाल्या, "आणि तू जा, तुझे कागद घेऊन ये. अक्षर बघू दे मला."