डाग न पडलेलं अंडं

बायको गेल्यावर सुतार पहिल्यांदाच बेटावर निघाला, तो एका काळ्या पक्षिणीच्या पायातलं कडं काढून आणायला. कड्याला हरभऱ्याएवढं यंत्र होतं. पिल्लं मोठी झाली की हे समुद्रपक्षी कुठे निघून जातात, ते त्या यंत्रात साठलेलं असणार होतं. कडं घातलं होतं बायकोनेच. उत्तर कळेपर्यंत मात्र ती राहिली नाही.

बरोबर मेहुणी होती. बहिणीचं काम आता तीच बघायची. नावाडी जुनाच, नवरा-बायकोला वर्षानुवर्षं नेणारा.

"फळ्या घेतल्यात ना, भावजी?"

"मीच केल्यात. मी विसरेन होय?"

बेटाची माती बिळांनी पोखरलेली. साधं पाऊल टाकलं तरी खालचं घरटं चिरडायचं, म्हणून बुटांना रुंद फळ्या बांधून चालावं लागे. त्या फळ्या घालून बायको बदकासारखी फेंगडी चालायची, आणि तिला हसता हसता तो स्वतःच पडायचा.

खडकापाशी लाट उसळली! मेहुणीने उडी मारली. मागोमाग त्याने. पाय घसरला! त्याने दोन्ही हातांनी खडक धरला आणि फळ्यांचं गाठोडं सुटलं. बघता बघता लांब वाहून गेलं.

"झालं! आता काय उडत जायचं?" मेहुणी ओरडली.

"आटपा लवकर!" नावाड्याने आभाळाकडे बोट केलं. "वारं फिरतंय. यंदा पुन्हा नाव लागायची नाही इथे!"

सुतार सरळ पालथा पडला. "सरपटत चल. भार पसरला की माती धरते."

दोघं पोटावर निघाली. कोपराखाली माती खचली की जागच्या जागी थिजायची, मग अंग चोरून पुढे. वारा कानात घोंगावत होता.

कलत्या दगडाखालचं ते बीळ त्याला पाठ होतं. त्याने खांद्यापर्यंत हात घातला. चोच अंगठ्यात रुतली!

"आई गं! चावली!"

"म्हणजे ताईचीच! तिलाही दर वर्षी चावायची." मेहुणी हसली. "काढा, काढा बाहेर!"

कडं बोटाला लागलं होतं. पण पक्षीण जराशी उठली, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताने बॅटरी मारली. पोटाखाली अंडं होतं. पांढरंशुभ्र, मातीचा एक डाग नाही. काल-आजच घातलेलं.

नव्या अंड्यावरून उठवलेली पक्षीण पुन्हा बसत नाही. डाग पडेपर्यंत हलवायचं नाही, हा बायकोचा नियम.

"पुढच्या वर्षी ती आलीच नाही तर?" मेहुणी बिळाच्या तोंडाशी सरकली. "ताईचं एवढंच राहिलंय, भावजी. अगदी हळूच..."

"ताईसमोर काढलं असतंस?"

मेहुणीने बाहीला नाक पुसलं. "हात मोडला असता तिने माझा."

त्याने हळूच हात बाहेर घेतला.

परतताना पाऊस आडवा झोडपत होता. नाव वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. "आता!" नावाडी ओरडला. दोघांनी अंग झोकून दिलं आणि नावेच्या तळाशी येऊन आदळली.

"मिळालं का?" नाव वळवत नावाड्याने विचारलं.

"नाही." सुताराने रक्ताळलेला अंगठा तोंडात धरला, मग काढला. "पण आहे ती. घरी आहे. अंड्यावर बसलीय."