निर्णयबिंब

वज्रगड वर्गाच्या प्रत्येक युद्धनौकेवर कॅप्टन शर्वाणी देवस्थळी एकाच वेळी कामावर असत. त्या स्वतः मात्र नोकरी सोडून दापोलीला राहत होत्या.

नौकांवर होतं ते त्यांचं निर्णयबिंब. लाटांना घासत येणारं क्षेपणास्त्र क्षितिजावर दिसल्यापासून नौकेवर आदळेपर्यंत मिनिटभरही मिळत नाही. तेवढ्यात माणसाचा विचार पुरा होत नाही. यंत्राला वेग असतो, पण तारतम्य नसतं. म्हणून एका निष्णात कप्तानाला वर्षभर लुटुपुटीच्या लढायांत बसवलं, ती कशाला घाबरते, कशावर विश्वास ठेवते, कुठल्या क्षणी मारा करते ते सारं टिपलं आणि यंत्रात उतरवलं. तो मान शर्वाणीबाईंना मिळाला होता.

मार्चमधल्या एका सकाळी ते बिंब घडवणारे शास्त्रज्ञ डॉ. तन्वीर मुकादम दाराशी उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"मॅडम, काल आपल्या एका नौकेनं विमान पाडलं. दूरच्या बेटावरच्या आजारी कामगाराला आणायला निघालं होतं. वैमानिक, नर्स, कुणी वाचलं नाही. ओळख सांगणारा संदेश बंद पडला होता, आणि ते फार खालून उडत होतं."

"मी नसता केला मारा," बाई ताबडतोब म्हणाल्या.

"चौकशी समिती तुम्हाला तेच विचारणार आहे."

नौदलाच्या तळावर मुकादमांनी त्यांना सरावाच्या पडद्यापुढे बसवलं. शत्रूच्या क्षेपणास्त्रांत कालचं विमान मिसळून दिलेलं. ते कुठलं, हे बाईंना ठाऊक नव्हतं. तरी ते आलं तेव्हा त्यांचा हात थांबला आणि विमान सुखरूप गेलं.

"बघा! यंत्रच चुकलं."

मुकादमांनी बिंब टिपतानाचं जुनं चित्रीकरण लावलं. अगदी तसाच ठिपका होता. सहा वर्षांनी तरुण असलेल्या शर्वाणीनं पापणी न लववता बटण दाबलं. ते क्षेपणास्त्र निघालं होतं; मागे टाळ्या वाजल्या.

"मध्ये काय झालं, मॅडम?"

बाईंनी चित्रीकरण थांबवलं. "माझा भाऊ अपघातात गेला. तेव्हापासून हात आधी थांबतो." मग एकदम म्हणाल्या, "ते जुनं बिंब पुसा. माझं आत्ताचं घ्या!"

"आज तुम्ही तीन क्षेपणास्त्रंही जाऊ दिलीत. त्या नौका माणसांसकट बुडाल्या असत्या."

समितीनं दुपारी विचारलं, "नौकेवर तुम्ही असतात तर मारा केला असतात का?" नाही म्हटलं तर बिंब खोटं ठरणार होतं आणि तणावाच्या दिवसांत सगळ्या नौका बंदरात परतणार होत्या, किनारा उघडा टाकून.

"तेव्हाच्या मी केला असता," त्या म्हणाल्या. ते खरं होतं.

यंत्र निर्दोष ठरलं. नौका पुन्हा समुद्रात गेल्या.

बाहेर त्या नर्सचे वडील, बाबाजी खवणेकर, बाकावर बसले होते. बाईंबरोबरच्या अधिकाऱ्याचा गणवेश पाहून ते उठले.

"माझ्या पोरीला कुणी मारलं, तेवढंच सांगा."

"मी," शर्वाणीबाई म्हणाल्या.

तो अधिकारी घाईनं पुढे झाला. "नाही हो काका, या तर नौकेवर नव्हत्याच!"

खवणेकर दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिले. "मग तिथं होतं कोण?"

बाईंनी तोंड उघडलं. पण ज्या बाईकडे बोट दाखवायचं, ती जमिनीवर आता कुठे उरलीच नव्हती. ती नौकांवर होती.