उरलेलं विरजण

सहाव्या दिवशीही दूध दूधच होतं.

कुसुमताई माळवदे यांच्या खानावळीत तक्रारीला तशी जागा नव्हती. दूध नासलं नव्हतं, फाटलं नव्हतं. फक्त त्याचं दही होत नव्हतं. कऱ्हाडात आता काहीच नासत नसे. दुधापासून चटणीपर्यंत सगळं 'केळपटा'त येई. केळपट म्हणजे केळीच्या खोडाचा धागा आणि कोळंबीच्या टरफलांतलं जंतुनाशक द्रव्य मिळून केलेला पारदर्शक कागद. मातीत पुरला की तो महिन्याभरात विरे. त्याला टेकलेले जीवाणू त्याच्या बरेच आधी मरत. कोळंबीचा उल्लेख वेष्टनावर होता, बारीक अक्षरांत.

लेकीकडे चार दिवस जाताना ताईंनी सासूबाईंच्या वेळचं विरजण जपून ठेवलं होतं. जपून, म्हणजे केळपटात.

आळीतल्या नऊ घरांना विरजण त्यांनीच दिलेलं. वाटी घेऊन त्या निघाल्या. नवव्या घरी लीलावहिनी म्हणाल्या, "अहो, तुमचं म्हणून आम्हीही जपूनच ठेवलं होतं."

उरला केळपटाचा कारखाना. केळपटाचा शोध लावणारे डॉ. निरंजन शेटे कॉलेजात असताना पाच वर्षं ताईंकडे जेवत. चाचणीला निरुपद्रवी जीवाणू हवे होते, तेव्हा त्यांनी ताईंचंच दही नेलं होतं.

"निरंजन, माझं विरजण दे."

"ताई, ते चाचणीत मेलं. अहवाल आहे ना."

"सगळं?"

"नव्याण्णव पूर्णांक नव्याण्णव टक्के!"

"मग उरलेलं दे की. विरजण चमचाभरच लागतं."

हा आकडा शेट्यांनी चार परिषदांत सांगून टाळ्या घेतल्या होत्या. उरलेल्यांची चौकशी कोणी केली नव्हती. त्यांनी शीतपेटीतून चाचणीतल्या केळपटाचा जुना तुकडा काढला आणि कोमट दुधात सोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दही लागलं होतं, सुरीनं कापावं असं. ताईंनी बोटानं चाखलं. "सासूबाईंचंच. जरा आंबट झालंय. रागावलं असेल." त्या ते केळपटात बांधू लागल्या.

"ताई, त्यात नको!"

"आता काय होतंय त्याला?"

शेट्यांनी थेंबभर दही नव्या केळपटावर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. तासाभरानं पाहिलं, दोन तासांनी पाहिलं. त्याला खरोखरच काही होत नव्हतं. उलट, वाढत होतं.

त्यांनी अहवाल उघडला. यादीत अकरा जीवाणू होते. दह्याचा पहिला, बाकीचे दहा जुलाब, विषबाधा वगैरेंचे. प्रत्येकासमोर तोच देखणा आकडा.

"ताई," शेटे हळूच म्हणाले, "तुमचं उरलेलं तुम्ही न्यायला आलात. या दहांचं उरलेलं कुणाच्या घरी असेल?"